निसर्गाचे सफाईखाते

पोलादाच्या कारखान्याचे वर्णन करू लागले म्हणजे लोक लोहखनिजाविषयी बोलतात, कोळशाविषयी बोलतात, आणि भट्टीतून वाहणाऱ्या लालभडक रसाविषयी तर फारच रंगून बोलतात. चुनखडकाची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगर ही वसाहत या दुर्लक्षित चुनखडकाच्या पोटी जन्माला आली. भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या भट्टीला लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येऊ लागले आणि चुनखडक भिलाईच्या उत्तरेस असलेल्या नंदिनीच्या खाणींतून.

भट्टीत या चुनखडकाचे काम काय? तो स्वतः लोखंड होत नाही. खनिजाबरोबर आलेली वाळू, माती आणि इतर हीण तो आपल्या अंगावर घेतो, त्यांच्यासह वितळतो, आणि मळीच्या रूपाने शुद्ध रसावर तरंगत बाजूला होतो. त्या मळीचेही पुढे सिमेंट होते. सारांश, चुनखडक हा झोतभट्टीतील सफाई कामगार आहे. तो नसेल तर भट्टी चालणार नाही. परंतु पोलादावर त्याचे नाव कोठेही उमटत नाही.

श्रोतेहो, निसर्गाच्या विशाल कारभारातही असेच एक खाते आहे. त्याचे नाव घेताच आपला हात नकळत नाकाकडे जातो, आणि म्हणूनच त्याची चौकशी करण्याच्या भरीस फारसे कोणी पडत नाही. मेलेल्या प्राण्यांच्या देहावर उपजीविका करणारे भुंगेरे हे त्या खात्यातील एक महत्त्वाचे सेवक. त्यांचा जीवनक्रम कसा चालतो, त्यांच्यावाचून काय अडते, आणि नंदिनीसारख्या ठिकाणी त्यांची दखल का घ्यावी, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रारंभी एक साधा प्रश्न. नंदिनीच्या जुन्या खाणींच्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचून तळी झाली आहेत. त्यांच्या काठी झाडझाडोरा वाढला आहे आणि पाणपक्षी उतरू लागले आहेत. बंद पडलेल्या खाणींच्या जमिनीवर २०२१ सालापासून मोठ्या प्रमाणावर वृक्षलागवडही झाली आहे. अशा परिसरात उंदीर, घुशी, खारी, सरडे, साप, बेडूक, साळुंक्या, पारवे यांची गणती कोण करणार? हे सारे जन्मतात तसे मरतातही. मग त्यांची कलेवरे आपल्या दृष्टीस का पडत नाहीत? रानातून दिवसभर हिंडणाऱ्या माणसाला शेकडो जिवंत पाखरे दिसतात, पण मेलेले पाखरू एखादेच. याचे उत्तर असे की, देहातून प्राण जाताच त्या देहाची विल्हेवाट लावणारी यंत्रणा काही मिनिटांतच कामाला लागते, आणि आपली पावले तेथे पोहोचण्यापूर्वी बहुधा तिचे काम आटोपलेले असते.

या यंत्रणेत कामाची वाटणी मोठी काटेकोर आहे. मध्य भारताच्या उष्ण माळावर एखादी घूस मरून पडली तर सर्वप्रथम येतात त्या हिरव्या-निळ्या, धातूसारख्या चकाकणाऱ्या माश्या. डोळे, नाक, तोंड, जखमा अशा ओलसर जागी त्या अंडी घालतात, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात दिवस उलटण्याच्या आत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. मुंग्या आणि मुंगळेही मागे राहत नाहीत. दोन-चार दिवसांत मऊ मांसाचा मोठा भाग या अळ्यांच्या पोटात गेलेला असतो.

भुंगेऱ्यांचे आगमन साधारणपणे याच सुमारास होते. भुंगेरा म्हणजे ज्याच्या पंखांची पुढली जोडी कठीण होऊन पाठीवरच्या ढालीसारखी झाली आहे असा कीटक. शास्त्रज्ञांनी आजवर भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लक्ष जातींना नावे दिली आहेत. कीटकांत याहून मोठा गट नाही. त्यांपैकी मृतदेहावर येणारे थोडे, आणि तेही सारे एकाच हेतूने येत नाहीत. आखूड पंखांचे, लांबट, शेपटी विंचवासारखी वर उचलून धावणारे काही भुंगेरे येतात ते मांसासाठी नव्हे, तर माश्यांच्या अळ्यांवर ताव मारण्यासाठी. त्यांच्याच जोडीला वाटोळे, काळे, चकचकीत असे दुसरे येतात. त्यांना बोट लावले की ते पाय पोटाशी आवळून मेल्याचे सोंग घेतात, आणि धोका टळला की पुन्हा अळ्यांच्या शिकारीला लागतात. म्हणजे मृत देहावर एक नवी वसाहत उभी राहते, आणि त्या वसाहतीतील लोकसंख्या आटोक्यात ठेवणारेही तेथेच वस्तीला येतात. घुशीच्या देहातून निघणाऱ्या माश्यांची संख्या मर्यादेत राहते त्याचे काही श्रेय या भुंगेऱ्यांकडे जाते.

मांस संपले, ओल आटली, उरली ती वाळलेली कातडी, शिरा, केस आणि हाडे, म्हणजे माश्यांना तेथे काही राम उरत नाही. खऱ्या अर्थाने भुंगेऱ्यांची पाळी येते ती आता. डर्मेस्टिस नावाचा करड्या-काळ्या रंगाचा, बोटाच्या पेराहून लहान असा भुंगेरा या वाळल्या अवशेषांचा मुख्य हक्कदार. त्याची मादी कातडीच्या सुरकुत्यांत अंडी घालते. तांबूस केसांनी भरलेल्या त्याच्या अळ्या वाळकी कातडी आणि हाडाला चिकटलेले स्नायू अशा सफाईने खरवडतात की शेवटी हाड धुऊन काढल्यासारखे दिसू लागते. कोषात जाण्याची वेळ आली की ही अळी निवांत जागा शोधते, आणि ती न मिळाल्यास जवळचे लाकूडही पोखरते. अंड्यापासून पूर्ण भुंगेरा होईपर्यंत उष्ण हवेत साधारण दीड महिना लागतो. त्याच्याच सोबतीला नेक्रोबिया नावाचा, निळसर झाक असलेला, तांबड्या पायांचा चिमुकला भुंगेरा असतो. आणि सर्वांच्या शेवटी, जेव्हा केस, पिसे आणि खुरांचे तुकडे एवढेच उरते, तेव्हा खडबडीत पाठीचे, मातीने माखलेले आणखी एक जातीचे भुंगेरे येऊन तोही शेष संपवतात. केस आणि पिसे ज्या द्रव्याची बनलेली असतात ते पचवणे फार थोड्या प्राण्यांना साधते, हे ध्यानी घेतले म्हणजे या शेवटच्या पाहुण्यांचे महत्त्व कळते.

शवभक्षी भुंगेरे हे नाव शास्त्रज्ञ ज्या गटाला विशेषेकरून देतात त्यात जगभरात मिळून सुमारे दोनशे जाती आहेत. त्यांतील चपट्या अंगाचे काही भुंगेरे आपल्या मैदानी प्रदेशातही सापडतात. परंतु त्यांचे जे सर्वांत नामांकित भाऊबंद, ते थंड हवेचे भोक्ते आहेत. त्यांना निक्रोफोरस असे म्हणतात. मराठीत त्यांना ‘मूठमाती देणारे भुंगेरे’ म्हणता येईल. युरोप, उत्तर अमेरिका आणि आशिया या खंडांत त्यांचा विशेष वास आहे. भारतात त्यांना भेटावयाचे तर हिमालयाच्या उतारांवर किंवा ईशान्येकडील डोंगरांत जावे लागते. काळ्या पाठीवर नारिंगी पट्टे मिरवणारी निक्रोफोरस नेपालेन्सिस ही जात हिमालयापासून तैवानपर्यंतच्या पर्वतांत आढळते.

या भुंगेऱ्यांचा संसार पाहण्यासारखा असतो. स्पर्शिकांच्या टोकांशी असलेल्या गोंड्यांनी ते दुरून वास टिपतात, आणि मेलेला उंदीर किंवा लहानसे पाखरू सापडताच नर आणि मादी मिळून त्याच्या खालची माती उकरू लागतात. माती बाजूला होत जाते तसतसा देह खाली खचतो, आणि काही तासांत जमिनीत दिसेनासा होतो. मग त्याचे केस अगर पिसे काढून त्याचा गोळा वळला जातो. त्याला बुरशी येऊ नये, तो कुजू नये, म्हणून दोघेही आपल्या तोंडातील व शरीराच्या मागल्या भागातील स्रावांचा लेप त्यावर देतात. या स्रावांत जंतूंना आवर घालणारी द्रव्ये असतात असे परीक्षणांती दिसून आले आहे. मादी शेजारच्या मातीत अंडी घालते. पिले बाहेर पडली की ती गोळ्याकडे येतात आणि आईबापांकडे तोंड वासून अन्न मागतात. आणि आईबापे पक्ष्यांप्रमाणे त्यांच्या तोंडात अर्धवट पचलेला घास भरवतात. कीटकसृष्टीत मातेचे वात्सल्य मधूनमधून आढळते. पण पित्याने घरात राहून पिलांना भरवावे हे दृश्य अगदी विरळा.

तथापि या वात्सल्याला हिशेबाची कठोर बाजूही आहे. सापडलेला उंदीर लहान आणि पिले अधिक झाली तर आईबापेच काही पिलांना खाऊन टाकतात, आणि उरलेल्यांना पुरेसे अन्न मिळेल अशी तजवीज करतात. माणसाच्या नीतिशास्त्राने याला नाव ठेवणे सोपे आहे. परंतु ज्याचा सारा शिधा एका उंदराएवढाच आहे आणि त्यात भर पडण्याची आशा नाही, त्या कुटुंबाचा हा अंदाजपत्रकी निर्णय आहे एवढेच त्याविषयी म्हणता येईल. झाँ आंरी फाब्र या फ्रेंच निरीक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भुंगेऱ्यांवर अनेक प्रयोग केले. त्यांच्या बुद्धिमत्तेच्या ज्या अद्भुत कथा तोवर सांगितल्या जात होत्या, त्यांना फारसा आधार नाही असे त्याला आढळून आले. हे कौशल्य विचारातून येत नाही, ते उपजतच असते, असा त्याचा निष्कर्ष होता. पण म्हणून त्यांच्या कामाचे मोल कमी होत नाही.

आता असा प्रश्न उद्भवतो की, हे मूठमाती देणारे भुंगेरे छत्तीसगडच्या मैदानात का नसावेत? याचे पुष्कळसे उत्तर माश्यांपाशी आहे. उष्ण हवेत माश्या इतक्या त्वरेने येतात आणि त्यांच्या अळ्या इतक्या वेगाने वाढतात की, भुंगेऱ्याने देह पुरेपर्यंत तो पुरण्याजोगा राहतच नाही. तैवानमधील शास्त्रज्ञांनी याच निक्रोफोरस नेपालेन्सिसवर केलेले, २०१४ साली प्रसिद्ध झालेले संशोधन या दृष्टीने उद्बोधक आहे. पर्वताच्या थंड माथ्यावर, जेथे माश्यांचा उपद्रव कमी, तेथे एकाच देहाशी जमलेले भुंगेरे आपसांत भांडतात. पर्वताच्या उबदार पायथ्याकडे, जेथे माश्यांची चढाओढ तीव्र, तेथे तेच भुंगेरे भांडण टाकून एकत्र राबतात, देह लवकर पुरतात, आणि एरवी ज्या उष्ण जागी त्यांचा टिकाव लागला नसता तेथेही संसार थाटतात. पण सहकार्यालाही सीमा असते. नंदिनीच्या वैशाखात माश्यांशी बरोबरी करणे त्यांना शक्य नाही. यास्तव इथली रीत वेगळी पडली: ओला देह माश्यांचा, सुका देह भुंगेऱ्यांचा. जी जागा आणि जी वेळ माश्यांनी सोडली, तिच्यावर इथल्या भुंगेऱ्यांनी आपले बस्तान बसवले.

या भुंगेऱ्यांशी माणसाचे जे नाते आहे ते मात्र सरळ नाही. गृहिणीला आणि दुकानदाराला ते परिचित आहेत ते शत्रू म्हणून. नेक्रोबिया खोबऱ्याच्या वाट्या पोखरतो. कोकणातली सुकी मासळी पावसाळ्यासाठी भरून ठेवावी तर डर्मेस्टिसच्या अळ्या तिचा भुगा करतात. कातड्याच्या गोदामांत तर त्यांचा उपद्रव फार जुना. छत्तीसगड आणि त्याला लागून असलेला भंडाऱ्याचा भाग हा कोशाच्या रेशमाचा प्रदेश. तेथे साठवलेल्या कोशांतील मेलेल्या किड्याच्या वासाने हेच भुंगेरे येतात आणि कोसला भोके पाडून धागा तोडून टाकतात. व्यापाऱ्याने त्यांना चोर म्हणावे हे रास्तच आहे. परंतु भुंगेऱ्याच्या बाजूने पाहू गेल्यास, रानात वाळलेली कातडी आणि गोदामात वाळवलेली कातडी यांत त्याला भेद करता येत नाही. जे काम तो माळावर करतो तेच दुकानात करतो. एके ठिकाणी आपण त्याला सफाई म्हणतो, दुसऱ्या ठिकाणी नासधूस.

उलट, ज्यांना त्याच्या भुकेचा उपयोग करून घेता आला त्यांनी तो करून घेतला. प्राण्यांचे सांगाडे स्वच्छ करण्यासाठी जगातील अनेक वस्तुसंग्रहालयांत डर्मेस्टिसच्या वसाहती मुद्दाम पाळल्या जातात. वटवाघळाच्या पंखातील सुईसारखी नाजूक हाडे माणसाच्या चाकूने जितकी साफ होणार नाहीत तितकी ती या अळ्या करतात, आणि एकही हाड मोडत नाहीत. न्यायवैद्यकाच्या तज्ज्ञांनाही त्यांची मदत होते. बंद घरात सापडलेल्या मृतदेहावर माश्यांच्या अळ्या आहेत की डर्मेस्टिसच्या, आणि त्या वाढीच्या कोणत्या अवस्थेत आहेत, यावरून मृत्यूला किती दिवस अगर आठवडे लोटले याचा अदमास बांधता येतो. इजिप्तच्या ममींमध्येही या भुंगेऱ्यांचे अवशेष सापडले आहेत. माणसांनी मसाले भरून जे देह अमर करू पाहिले, त्यांच्यावरही या खात्याने आपला हक्क सांगितला होता.

या भुंगेऱ्याने एका माणसाचा जीव वाचवल्याची हकीकत कीटकशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पिएर आंद्रे लात्रेय नावाचा एक धर्मोपदेशक, नव्या राजवटीची शपथ न घेतल्यामुळे, बंदीत पडला. १७९४ साली तो बोर्दोच्या तुरुंगात होता. एके दिवशी कैद्यांची प्रकृती पाहण्यास आलेल्या वैद्याने त्याला जमिनीवरचा एक किडा निरखून पाहताना पाहिले. ‘हा फार दुर्मीळ आहे,’ असे लात्रेयने सांगितले. वैद्याने तो किडा बोरी द सँ-व्हँसाँ या पंधरा-सोळा वर्षांच्या निसर्गप्रेमी मुलाकडे नेला. त्या मुलाला लात्रेयच्या लेखनाची माहिती होती. त्याने आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून खटपट केली आणि लात्रेयची सुटका करविली. ज्यांच्यासाठी असा वशिला लावणारे कोणी नव्हते, अशा त्याच्या सोबतच्या बहुतेक कैद्यांना प्राणास मुकावे लागले. तो किडा म्हणजे नेक्रोबियाचीच एक जात होती. पुढे लात्रेय हा त्या काळातील अग्रगण्य कीटकशास्त्रज्ञ झाला, आणि पॅरिसमधील त्याच्या थडग्यावर या भुंगेऱ्याचा ‘तारणहार’ म्हणून उल्लेख कोरण्यात आला. नेक्रोबिया या नावात ग्रीक भाषेतील मृत्यू आणि जीवन या अर्थाचे दोन शब्द एकत्र आले आहेत. एखाद्या नामकरणाला इतका यथार्थ दाखला क्वचितच मिळत असेल.

येथवर उंदीर आणि घुशी यांचा विचार झाला. परंतु गाय, बैल, म्हैस यांसारखे मोठे जनावर मरते तेव्हा काय? त्याचे शेकडो किलो मांस पाखरासारखे चार दिवसांत नाहीसे करणे कीटकांच्या आवाक्यातले नाही. आपल्या देशात हे काम युगानुयुगे गिधाडांनी केले. गिधाडांचा थवा उतरला म्हणजे एका बैलाचा सांगाडा उरण्यास तास-दोन तास पुरेसे होत. १९९० नंतरच्या काळात मात्र आकाशातील त्या घिरट्या विरळ होऊ लागल्या. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शेकडा ९९ हून अधिक घटली. याचे कारण कळण्यास २००४ साल उजाडले. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध जनावराच्या देहात राहून गेले, आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे त्यामुळे निकामी झाली. सरकारने २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गुरांपर्यंत पोहोचत होते, म्हणून २०१५ साली त्या बाटल्यांवरही निर्बंध आले. आणि २०२३ साली त्याच घातक वर्गातील आणखी दोन औषधे गुरांसाठी बंद करण्यात आली.

या अवधीत काय घडले? मेलेली जनावरे उघड्यावर सडत राहिली, पाणी दूषित झाले, मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली. अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज बांधला आहे की, गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लक्ष माणसांचे जादा मृत्यू झाले. सफाईखात्यातील एक विभाग बंद पडला, आणि त्याचा भुर्दंड दवाखान्यांतून आणि स्मशानांतून वसूल झाला. त्या खात्याचा पगार कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता. म्हणून तो वाचला असे कोणाला वाटले नाही, आणि खाते बुडाले हेही बराच काळ कोणाच्या ध्यानात आले नाही.

मग गिधाडांची जागा भुंगेऱ्यांनी का घेतली नाही? कारण या कारभारात एकाचे काम दुसऱ्याला सोपवता येत नाही. बैलाच्या देहावर भुंगेरे येतात, आपले वाटणीचे काम करतात. परंतु त्यांची पाळी शेवटची असते, आणि तिच्या आधीचे सारे दिवस दुर्गंधीचे, माश्यांचे आणि कुत्र्यांचे असतात. गिधाड त्वरा करते, भुंगेरा पूर्तता करतो. गिधाड केस आणि कातडीचे तुकडे टाकून जाते, भुंगेरा ते संपवतो. दोघांपैकी एकालाच ठेवून भागेल असे म्हणणे, हे झाडूवाला आहे तेव्हा गटारे साफ करणाऱ्याची गरज काय, असे विचारण्यासारखे आहे.

भुंगेरे लहान आहेत, संख्येने पुष्कळ आहेत, तेव्हा त्यांना कसली भीती, असेही कोणी समजू नये. अमेरिकेतील निक्रोफोरस अमेरिकानस हा भुंगेरा एके काळी तेथील ३५ राज्यांत पसरलेला होता. विसाव्या शतकात तो एकेका प्रांतातून नाहीसा होत गेला, आणि १९८९ साली त्याला नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घालण्याची वेळ आली. जंगले तुटली, त्याला पुरण्याजोग्या आकाराचे पक्षी व लहान प्राणी घटले, आणि उरलेल्या कलेवरांसाठी इतर प्राण्यांशी चढाओढ वाढली, अशी कारणे त्याबाबत सांगितली जातात. त्याला पुन्हा वसवण्याचे प्रयत्न झाले, आणि २०२० साली त्याचा धोका काहीसा कमी मानण्यात आला. तरी पूर्वीच्या प्रदेशाचा फार थोडा भागच त्याच्याकडे उरला आहे. म्हणजे जिवंत प्राणी घटले की मृत प्राणीही घटतात, आणि मृतांवर जगणाऱ्यांची उपासमार होते.

या दृष्टीने नंदिनीकडे पुन्हा पाहावे. छत्तीसगडच्या खोऱ्यातील चुनखडक सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचला, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांनी थरांवर थर रचल्याच्या खुणा त्यात जागोजागी आढळतात. तो काढण्यासाठी वरची माती खरवडावी लागली. आज त्या जागी झाडे लावली जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु माती ही केवळ दगडाचा भुगा नव्हे. ज्या जागी एखादा प्राणी मरून कुजतो तेथले गवत आधी जळते, आणि पुढे तेच आजूबाजूच्या गवताहून गर्द होऊन उठते, हे गुराख्यांच्याही पाहण्यात असते. देहातील नत्र, स्फुरद आणि हाडांतील चुना मातीत परततो तो माश्या, भुंगेरे, मुंग्या आणि सूक्ष्म जंतू यांच्या हातून. रोपे लावणे माणसाला साधते. खरवडून काढलेल्या जमिनीची पुन्हा माती करणे हे या मंडळींवाचून साधत नाही.

त्यांच्यासाठी माणसाने फार काही करावयाचे आहे असेही नाही. रोगाने मेलेले किंवा औषधोपचार झालेले मोठे जनावर उघड्यावर न टाकता नियमाप्रमाणे खोल पुरावे. गुरांना बंदी असलेले औषध देऊ नये. नव्या वनात पालापाचोळा जाळू नये, उंदरांसाठी विष पेरू नये. कारण विषाने मेलेला उंदीर त्याला खाणाऱ्यालाही मारतो. आणि वस्तीपासून दूर, झाडांच्या सावलीत एखादे पाखरू मरून पडलेले दिसले तर ते उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकण्याची घाई करू नये. त्याच्याकडे निघालेले कोणीतरी वाटेवर असते.

पोलादाच्या रुळांवर चुनखडकाचे नाव नसते. तसे हिरव्या वनावरही या भुंगेऱ्यांचे नाव लिहिलेले नसते. पण शरद ऋतूत नंदिनीच्या तळ्याकाठी एखाद्या पळसाच्या बुंध्याशी गवताचा एक पुंजका इतरांपेक्षा अधिक गर्द दिसला, तर त्याखालची माती जरा उकरून पाहावी. तेथे बहुधा दोन-चार स्वच्छ, पांढरी, कोरडी हाडे सापडतील. आणि त्यांना साफ करणारे सेवक तेथून पुढच्या कामावर निघून गेलेले असतील.